असं का होतं? : एसटीची पायरी आणि इन्व्हर्टरची बॅटरी

पुसदच्या बसस्थानकावर दिग्रसची गाडी लागली की बघा. पंचाहत्तरी ओलांडलेले दोन आजोबा, दोघांनाही एसटी फुकट. एक पिशवीसकट चढतात. दुसरे आधी पिशवी आत सरकवतात, दांडा धरतात, दम घेतात, मग पाय उचलतात. बीपी-शुगर दोघांची सारखी असली, तरी डॉक्टरांना काळजी दुसऱ्यांचीच.

कारण म्हातारं शरीर म्हणजे जुनी इन्व्हर्टर बॅटरी. लाइन आहे तोवर काही कळत नाही. लोडशेडिंग झालं की एक तीन तास ओढते, दुसरी दहा मिनिटांत मान टाकते. न्यूमोनिया, घसरून पडणं, ऑपरेशन हे शरीराचं लोडशेडिंग. पायरी चढताना हृदय, फुप्फुसं, स्नायू, नजर, तोल सगळ्यांना एकदम राबावं लागतं. शिल्लक किती, ते तिथे उघडं पडतं.

2001 मध्ये अमेरिकेत ही शिल्लक जोखण्यासाठी 13 प्रश्नांची चाचणी आली. साडेचार किलो उचलता येतं का? 400 मीटर चालता येतं? आंघोळ, पैशांचा हिशेब स्वतः जमतो? रक्ताचा थेंबही लागत नाही. जमत नसेल तर गुण वाढतात. 3 किंवा जास्त गुण पडलेल्यांना पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचा किंवा परावलंबी होण्याचा धोका इतरांच्या 4.2 पट दिसला. पंच्याऐंशी गाठली की वयाचेच 3 गुण, हे मला जरा कठोरच वाटतं.

त्यात फरशी घासण्याचाही प्रश्न आहे. आपले आजोबा म्हणतील, ‘जन्मात नाही घासली!’ त्यांना अंगणातली बाज उचलता येते का, ते विचारावं.