उमरखेड ते परदेशी विद्यापीठ : तयारी दीड वर्ष आधीची

परदेशातल्या विद्यापीठात पहिल्या सत्राला येणाऱ्या अडचणींपैकी बऱ्याचशा तिकडे पोहोचल्यावर निर्माण होत नाहीत. त्यांचे मूळ इथल्याच कागदपत्रांत, बँकेच्या व्यवहारात आणि हुकलेल्या तारखांत असते. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला एखादा कागद राहिला तर तो दोन दिवसांत मिळवता येतो. उमरखेडच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या कामासाठी अमरावती आणि अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबई गाठावी लागते. अंतराची ही अडचण बुद्धीने नव्हे, नियोजनाने सुटते. त्यामुळे अभ्यासक्रम सुरू होण्याच्या किमान दीड वर्ष आधी तयारीला लागणे श्रेयस्कर.

वेळापत्रक कसे जुळवावे

अमेरिकेतले मुख्य सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते आणि ब्रिटनमधले सप्टेंबरअखेरीस. जर्मनीत हिवाळी सत्राची सुरुवात १ ऑक्टोबरला होते, पण तासिका बहुधा ऑक्टोबरच्या मध्यापासून भरतात. ऑस्ट्रेलियातले वर्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होते. अर्जांच्या तारखा मात्र बऱ्याच आधीच्या असतात. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांची मुदत आदल्या डिसेंबर-जानेवारीतच संपते. जर्मनीत हिवाळी सत्रासाठी १५ जुलै ही तारीख अनेक ठिकाणी असते, तरी इंग्रजी माध्यमाच्या कित्येक अभ्यासक्रमांची मुदत त्याच्याही आधी संपते.

उमरखेडची महाविद्यालये १९८३ साली स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. शेवटच्या सत्राची उन्हाळी परीक्षा, तिचा निकाल आणि पदवी प्रमाणपत्र यांत काही महिने जातात. त्यामुळे अंतिम वर्षात असतानाच अर्ज करणाऱ्याला बहुधा सशर्त प्रवेशपत्र मिळते, म्हणजे पदवी पूर्ण झाल्याचा पुरावा दिल्यावरच प्रवेश पक्का होतो. निकाल लागताच तात्पुरते पदवी प्रमाणपत्र मागून घेणे हा यावरचा एक उपाय. पदवीनंतर एक वर्ष थांबून सगळे कागद हाती घेऊनच अर्ज करणे हा दुसरा. शिष्यवृत्तीवर भिस्त असलेल्यांसाठी हा दुसरा मार्गच अनेकदा सुरक्षित ठरतो. ते वर्ष वाया जात नाही. त्यात इंग्रजीची परीक्षा, जर्मन भाषेचे वर्ग किंवा नोकरीचा अनुभव पदरात पडतो. आयईएलटीएस आणि टोफेलचे गुण दोन वर्षे, तर जीआरईचे पाच वर्षे ग्राह्य धरतात. परीक्षेची तारीख हा हिशेब करूनच ठरवावी.

सर्व कागदांवर एकच नाव

दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर दोनच रकाने असतात, एक आडनावाचा आणि दुसरा नावाचा. वडिलांचे नाव या दुसऱ्या रकान्यात घालायचे की नाही, हे प्रत्येक घर वेगवेगळे ठरवते आणि तिथून तफावत सुरू होते. एका कागदावर वडिलांचे नाव ‘विठ्ठल’ आणि दुसऱ्यावर ‘विठ्ठलराव’ असते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर इकडचे तिकडे झालेले असते. लग्न झालेल्या मुलीची पदवी माहेरच्या नावावर आणि आधार कार्ड सासरच्या नावावर असते. गावातल्या कार्यालयात अशा फरकांकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, पण परदेशी विद्यापीठ आणि दूतावास मात्र ‘हे दोन वेगळे इसम आहेत का?’ असे विचारतात.

त्यामुळे पहिले काम म्हणजे दहावीची गुणपत्रिका, पदवीच्या गुणपत्रिका, आधार, पॅन आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहणे. शिक्षण मंडळाच्या कागदातली चूक शाळेमार्फत अमरावतीच्या विभागीय मंडळाकडे जाते. नाव मुळातच बदललेले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात तशी नोंद करून घ्यावी लागते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा सोडू नये. तो कोरा असला की अमेरिकेच्या व्हिसावर संपूर्ण नाव आडनावाच्या जागी छापले जाते आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ अशी तीन अक्षरे येतात. पुढे विद्यापीठ आणि बँकेच्या नोंदींत तोच घोळ मागे लागतो.

विद्यापीठाकडून सर्व सत्रांच्या गुणांची एकत्रित अधिकृत प्रत, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, घ्यावी लागते. अमरावतीला एका खेपेत पुरेशा प्रती, शक्य असल्यास सीलबंद लिफाफ्यांत, घेऊन ठेवाव्यात. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते याचे पत्र आणि अभ्यासक्रमाची छापील प्रत महाविद्यालयाकडून मिळते. जर्मनीला जाणाऱ्यांसाठी नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र सक्तीचे आहे. दिल्लीतले केंद्र शैक्षणिक कागदपत्रे तपासून ते देते आणि त्याशिवाय विद्यार्थी व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही.

पैसा : शिष्यवृत्ती, कर्ज आणि पुरावा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. तिथून ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये तिथला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये स्वतःची बचत, मित्राकडून घेतलेले कर्ज आणि राजर्षी शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डीएस्सी झाले. आजच्या विद्यार्थ्यानेही यातून घ्यावे असे काही आहे : पैशाची तजवीज पहिल्या हप्त्यापुरती नको, पदवी हाती पडेपर्यंतची हवी.

शाहू महाराजांच्या नावाने राज्याचा सामाजिक न्याय विभाग अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्ती देतो. तीत शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता, विमा आणि विमानभाडे यांचा समावेश असतो. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती, आदिवासी, मराठा-कुणबी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल खुला प्रवर्ग यांच्यासाठी वेगवेगळ्या विभागांच्या आणि संस्थांच्या योजना आहेत. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत. त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त-भटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी आहेत. अटी दरवर्षीच्या जाहिरातीत बदलतात, पण विद्यापीठाचे क्यूएस मानांकन, उत्पन्नाची मर्यादा, वय आणि विनाअट प्रवेशपत्र या बाबी तपासल्या जातातच. तहसीलमधला उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र आणि समितीकडची जात वैधता ही कामे जाहिरात निघण्याआधीच उरकलेली असावीत. जाहिरात निघाल्यावर वैधतेसाठी धावणाऱ्याचे वर्ष हातचे जाण्याची भीती असते.

कर्जाच्या बाबतीत उमरखेडसारख्या कापूस, सोयाबीन आणि हळद पिकवणाऱ्या तालुक्यात एक मोठी गैरसमजूत आढळते. घरात दहा एकरांचा सातबारा आहे, मग कर्ज मिळेलच, असे धरून चालतात. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला मालमत्तेचे तारण लागत नाही, त्यापुढे लागते. पण कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली असल्याने बँका ती तारण म्हणून घ्यायला सहसा तयार नसतात. त्यांना अकृषक भूखंड, नगरपालिका हद्दीतले घर, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी हवी असते. वडिलोपार्जित घर असेल तर वारसांच्या नोंदी, सहहिस्सेदारांची संमती, वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन यांत दोन-तीन महिने सहज जातात. त्यामुळे प्रवेशपत्राची वाट न पाहता बँकेत आधीच विचारणा करावी. सरकारच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरून एकाच वेळी अनेक बँकांकडे अर्ज करता येतो. जुन्या करप्रणालीत कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत सवलत मिळते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ वसूल करायचा कर, कापला जात नाही, हेही लक्षात ठेवावे.

खर्चाची ऐपत दाखवण्याची रीत देशागणिक वेगळी असते. जर्मनीत वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम गोठवलेल्या खात्यात भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे आणि त्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. ब्रिटनला आवश्यक रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. नातेवाइकांकडून आठवडाभरासाठी घेतलेले पैसे तिथे चालत नाहीत.

व्हिसा आणि एजंट

अमेरिकेचे विद्यापीठ आय-२० हा दस्तऐवज देते. त्याच्या आधारे सेव्हिस या अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी-नोंदणी प्रणालीचे शुल्क भरून मुलाखतीची वेळ घ्यायची असते. ब्रिटनसाठी विद्यापीठाचा सीएएस क्रमांक, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचा संदर्भ क्रमांक, आणि मान्यताप्राप्त केंद्रातली क्षयरोगाची तपासणी लागते. मुलाखतीत पाठ केलेली उत्तरे उघडी पडतात. हाच अभ्यासक्रम का, खर्च कोण करणार आणि पुढे काय, या तीन प्रश्नांची स्वतःच्या शब्दांत खरी उत्तरे देता यावीत.

अनेक एजंटांना विद्यापीठांकडून दलाली मिळते, त्यामुळे त्यांचा सल्ला त्याच विद्यापीठांकडे झुकतो. एजंटाची मदत घेतली तरी अर्जाचा ईमेल आणि पासवर्ड विद्यार्थ्याच्याच ताब्यात असावा. शुल्क थेट विद्यापीठाच्या खात्यात भरावे. बनावट अनुभवपत्र किंवा बँकेचा खोटा दाखला जोडण्याचा सल्ला देणाऱ्यापासून दूरच राहावे. फसवणूक उघड झाली तर व्हिसा नाकारला जातोच, शिवाय पुढची अनेक वर्षे त्या देशाचे दार बंद होऊ शकते.

बॅग आणि पहिले पंधरा दिवस

मूळ कागदपत्रे, प्रवेशपत्र, विम्याचा कागद आणि औषधांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत असावी. विमानात सोडायच्या सामानात कधीही नाही. औषधाच्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्यावे. घरची हळद आणि तिखट साध्या पुडीत न बांधता सीलबंद करून त्यावर इंग्रजी नाव चिकटवावे. ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे आणि तूप घरीच ठेवावे. ऑस्ट्रेलियात प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो आणि लपवल्यास दंड होतो.

राहण्याची जागा विद्यापीठाच्या वसतिगृहात मिळाली तर पहिले वर्ष सोपे जाते. तिचा अर्ज प्रवेश पक्का होताच करावा. खासगी खोली न पाहता आणि करार न वाचता परदेशी खात्यावर अनामत पाठवू नये. विद्यार्थ्यांना लुबाडण्याचा हा सर्रास चालणारा प्रकार आहे. पहिली खोली सोयीची निघाली नाही, तर बदलण्यात कमीपणा नाही. आंबेडकरांनीही न्यूयॉर्कमध्ये पहिल्या काही आठवड्यांतच वसतिगृह बदलले होते.

पोहोचल्यावरची कामे क्रमाने करावीत. जर्मनीत राहत्या पत्त्याची नोंद नगर कार्यालयात साधारण दोन आठवड्यांत करावी लागते. त्यानंतरच बँक खाते आणि निवास परवाना यांची कामे पुढे सरकतात. ब्रिटनमध्ये परिसरातल्या डॉक्टरकडे, म्हणजे जीपीकडे, आजारी पडण्याआधीच नाव नोंदवावे. अमेरिकेत अभ्यासक्रम सुरू होण्याच्या जास्तीत जास्त ३० दिवस आधी प्रवेश मिळतो. तिथे विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात हजेरी नोंदवावी आणि पत्ता बदलल्यास दहा दिवसांत कळवावे. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नोंदणी केलेली असली, तर संकटकाळी दूतावासाला शोध घेणे सोपे जाते.

वर्गातली पद्धत

इकडे वर्षाचा निकाल बहुतांशी शेवटच्या लेखी परीक्षेवर ठरतो आणि शेवटचा महिना जोर लावून पार पडता येते. तिकडे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासूनच निबंध, प्रकल्प आणि सादरीकरणांचे गुण जमा होऊ लागतात. सत्राच्या सुरुवातीला मिळणाऱ्या विषयपत्रिकेत कोणत्या कामाला किती टक्के आणि कोणती तारीख हे लिहिलेले असते. त्या सर्व तारखा पहिल्याच दिवशी वहीत उतरवून घ्याव्यात.

गुणांची मोजपट्टीही वेगळी असते. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर स्तरावर ५० टक्क्यांना उत्तीर्ण आणि ७० टक्क्यांना विशेष प्रावीण्य, त्यामुळे ६४ गुण पाहून हिरमुसायचे कारण नाही. जर्मनीत क्रम उलटा असतो : १.० सर्वोत्तम, ४.० काठावर आणि ५.० अनुत्तीर्ण. तिथे प्रत्येक परीक्षेसाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागते. मुदत चुकली तर पेपर देता येत नाही आणि नापासांना संधीही मोजक्याच मिळतात. अमेरिकेत पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहसा ३.० ची सरासरी राखावी लागते.

सर्वांत गंभीर नियम उचलेगिरीचा. पुस्तकातला परिच्छेद स्रोत न देता उतरवणे, मित्राचा प्रकल्प थोडा बदलून देणे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेऊन ते न सांगणे यांकडे शैक्षणिक गुन्हा म्हणून पाहतात. शिक्षा त्या विषयात नापास होण्यापासून विद्यापीठातून काढून टाकण्यापर्यंत जाऊ शकते. संदर्भ कसे द्यावेत याचे वर्ग ग्रंथालयात चालतात. पहिल्या महिन्यातच त्यांना बसावे.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीला व्याख्यानाचा वेग झेपत नाही. त्याची बुद्धी कमी नसते, कानाला सवय नसते एवढेच. आदल्या रात्री विषयाचे वाचन करून गेल्यास फरक लवकर जाणवतो. प्राध्यापकांनी भेटीसाठी राखून ठेवलेल्या तासांत जाऊन शंका विचारणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. तिथे न विचारणारा विद्यार्थी नम्र नव्हे, तयारीत कमी समजला जातो.

कामाचे तास, तब्येत आणि घर

शिकताना काम करण्यावर कायद्याची मर्यादा असते. ब्रिटनमध्ये पदवी स्तरावर आणि त्यापुढे सत्रकाळात आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, कॅनडात विद्यापीठाबाहेर आठवड्याला २४ तास, तर जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. अमेरिकेत पहिल्या वर्षी काम विद्यापीठाच्या आवारातच आणि आठवड्याला २० तासांपर्यंतच करता येते. रोखीने, नोंद न करता जास्त तास काम देणारे मालक सापडतात, पण पकडले गेल्यास व्हिसा विद्यार्थ्याचा जातो. या कमाईतून किराणा आणि प्रवासखर्च निघतो. त्यावर शुल्क भरण्याचा बेत आखू नये.

नोव्हेंबरनंतर युरोपात बऱ्याच ठिकाणी दुपारी चारच्या सुमारासच अंधार पडू लागतो आणि एकटेपण दाटून येते. झोप न येणे, तासिका टाळणे, जेवण सोडणे अशी लक्षणे आठवडाभर राहिली तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जावे. ही सेवा बहुधा मोफत आणि गोपनीय असते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून कार्यरत आहे आणि उत्तर अमेरिकेत १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी गावोगावची मंडळे जोडलेली आहेत. गणपतीला किंवा दिवाळीला तिथे झालेल्या ओळखी पुढे खोली आणि नोकरी शोधतानाही उपयोगी पडतात.

घरच्यांसाठीही थोडी शिस्त हवी. विद्यार्थ्याचा पत्ता, विद्यापीठाचा आपत्कालीन क्रमांक, विमा क्रमांक आणि एका मित्राचा फोन घरात कागदावर लिहून ठेवावा. भारतीय वेळ जर्मनीच्या हिवाळ्यात साडेचार आणि न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असते, म्हणून बोलण्याची वेळ आधी ठरवून घ्यावी. पिकाचा भाव पडला किंवा घरात कोणी आजारी असले तर ते मुलापासून लपवू नये, आणि एखादा विषय राहिला तर मुलानेही घरी सांगावे. दोन्हीकडून लपवालपवी झाली की पैशाचे नियोजन सर्वांत आधी कोलमडते.

अभ्यासक्रम संपण्याच्या सहा महिने आधी पुढचे ठरवायला घ्यावे. शिक्षणानंतर नोकरीसाठी राहण्याच्या परवान्यांना ठराविक मुदतीतच अर्ज करावा लागतो. आदर्श योजनेतल्या शैक्षणिक कर्जाची परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण वर्षभराने सुरू होते. शिष्यवृत्तीधारकाला सरकारशी केलेल्या करारातल्या अटींप्रमाणे गुणपत्रिका आणि पदवीचे कागद संबंधित विभागाकडे सादर करावे लागतात. मुक्काम सोडताना ट्रान्सक्रिप्टच्या प्रती, खोलीची अनामत आणि बँक खाते यांचा निकाल लावूनच निघावे, कारण ही कामे उमरखेडहून करायची म्हटली तर महिने जातात.