एकदाच वापरायचं नाव

३ जून २०२० च्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या पुढे होता. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं लागतात, त्यामुळे हे नुकसान एका हंगामाचं नव्हतं.

हे नाव आता पुन्हा कोणत्याही वादळाला मिळणार नाही. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रातल्या वादळांना १३ देशांनी सुचवलेली नावं दिल्लीचं हवामान खातं क्रमानं देतं. एप्रिल २०२० मध्ये प्रत्येक देशाची १३, अशी १६९ नावांची नवी यादी जाहीर झाली. बांगलादेशानं दिलेलं ‘निसर्ग’ त्यातलं पहिलंच. आपल्याकडे वापरलेलं नाव कायमचं बाद होतं.

अटलांटिकात तसं नाही. तिथे सहा याद्या फिरत्या आहेत, म्हणून दर सहा वर्षांनी तीच नावं परततात. ‘आर्थर’ २०१४ मध्ये होतं, २०२० मध्येही. फार विध्वंस झाला तरच नाव काढून टाकतात. २००५ चं ‘कॅटरिना’ असं गेलं.

मला आपली पद्धत जास्त योग्य वाटते. याच किनाऱ्यावर नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ येऊन गेलं होतं. दोन्ही वादळांची नावं सारखी असती, तर पंचनाम्यापासून आठवणींपर्यंत सगळीकडे गोंधळ झाला असता.