बर्फातली माझी छोटी गाडी

मॉन्ट्रियलमधली जानेवारीची सकाळ, पारा उणे 20 अंशांवर. साताऱ्यात वाढलेली मी आधी ब्रशने गाडीवरचा बर्फ झाडते. टपावरचासुद्धा, कारण ब्रेक लावला की तो घसरून पुढच्या काचेवर येतो.

गाडी छोटी हायब्रिड आहे. उन्हाळ्यात सिग्नलला थांबलं की इंजिन गप्प होतं. हिवाळ्यात मात्र ते पुन्हा पुन्हा सुरू होतं, कारण आतली ऊब इंजिनच्या तापलेल्या पाण्यातून येते. गारठ्यात बॅटरीही मंदावते. म्हणून पेट्रोल जास्त लागतं. गाडी बिघडली असं समजू नये.

खरा भरवसा टायरचा. साधारण 7 अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होतं, पकड कमी होते. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं. क्वेबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. थंडीत टायरमधली हवाही आकसते, म्हणून दाब वरचेवर तपासते.

एकदा बर्फ लोटणारं यंत्र गेल्यावर उरलेल्या ढिगात चाकं रुतली. चाक घसरतंय हे ओळखून ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनची ताकद रोखत होतं. शेजारच्या आजोबांनी फावड्याने बर्फ उपसला, चाकांपुढे वाळू टाकली. मी ट्रॅक्शन कंट्रोल तेवढ्यापुरतं बंद केलं, गाडी हलकेच मागे-पुढे झुलवली आणि ती निघाली.

तेव्हापासून डिकीत फावडं, वाळू आणि घोंगडी असते. बर्फावर सावकाश निघावं, ब्रेक लांबूनच लावावा. घरी कुणीतरी वाट पाहत असतं.