सगळंच कळायला हवं का, बॉस?

रात्रीचे दोन. एका खिडकीत बाबांचा अँजिओग्राफीचा रिपोर्ट, दुसऱ्या खिडकीत गूगल. माझा जॉबच डेटा अ‍ॅनालिसिसचा, त्यामुळे ‘अजून थोडं शोधू’ हे माझं व्यसन. पहाटेपर्यंत कुठल्या वयात, किती ब्लॉकेजला, किती टक्के लोक किती वर्षं काढतात याची झकास एक्सेल शीट तयार! वीकेंडला सांगलीला जाऊन ती बाबांना वाचूनही दाखवली.

डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं : गोळ्या घ्या, रोज चाला. माझी शीट ऐकल्यावर बाबांनी आयर्विन पुलावरचं फिरणंच सोडलं. ‘मध्येच काही झालं तर?’ आणि मी? सोमवारचं ऑफिस म्हणून पुण्याला परत.

पुढच्या खेपेला बाबांनी काही न बोलता खाडिलकरांचं ‘विद्याहरण’ हातात ठेवलं. नाटकवेडे आहेत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ जिथं केलं त्या गावचा माणूस, दुसरं काय देणार?

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरही सांगलीचेच. नाटक १९१३ चं, गोष्ट महाभारतातली. शुक्राचार्यांकडे मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या. देवांकडचा कच ती मिळवायला येतो, म्हणजे प्रतिस्पर्धी कंपनीत ट्रेनी म्हणून घुसतो म्हणा ना! दैत्य त्याला मारून त्याची राख गुरूच्या मद्यात कालवतात. आता कच जिवंत झाला तर गुरूचं पोट फाडूनच बाहेर येणार. मग गुरूला परत उठवणार कोण? म्हणून विद्या द्यावीच लागते. कचाला हवं ते मिळतं. पण देवयानीला तो नाकारतो आणि ती शाप देते, ही विद्या तुला फळणार नाही. खाडिलकरांचं लक्ष मात्र शुक्राचार्यांच्या पेल्यावर. मरण परतवणारा माणूस, पण एका पेल्यावर ताबा नाही!

मग ‘ययाति’ पुन्हा काढली. वि. स. खांडेकरांचा जन्मही सांगलीचाच, १८९८ चा. ययातीचा भोग सगळ्यांना आठवतो. मला या वेळी भेटला त्याचा मोठा भाऊ यती. सिद्धींच्या मागे घर सोडलेला, शरीराचा आणि स्त्रीचा द्वेष करता करता भ्रमिष्ट झालेला. त्याला सिद्धी हव्या होत्या, माणसं नको होती.

मेरी शेलीचा फ्रँकेन्स्टाईन (१८१८) याच बिरादरीतला. त्यानं प्रेतांच्या तुकड्यांत जीव घातला, यापेक्षा मोठा गुन्हा पुढचा : डोळे उघडलेल्या त्या जिवाला टाकून तो पळाला. हे वाचताना माझी एक्सेल शीट आठवली. मीही बाबांच्या घरात एक भीती जिवंत करून पुण्याला पळालो होतो.

म्हणजे शोधणंच बंद करायचं? छे! परतताना साताऱ्यात कंदी पेढे घेतले आणि पाचवडहून वाईला वळलो. मराठी विश्वकोशाचं गाव. पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. मुख्य संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९९४ मध्ये गेले. शेवटचा खंड त्यांनी पाहिलाच नाही. जगातलं सगळं ज्ञान मराठीत आणायची भूक काय लहान होती? पण ती स्वतःसाठी नव्हती. कुठल्याशा गावातल्या वाचकाला समजेल, पेलेल अशी नोंद लिहायची होती. मी बाबांना काय पेलेल, हे विचारलंच नव्हतं.

शीट डिलीट केली. बाबांना विचारलं, ‘तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?’ त्यांचे प्रश्न फक्त दोन निघाले : चाललं तर चालेल ना? आणि नाटकाला रात्री जागलं तर? ते दोन प्रश्न कागदावर लिहून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. चाला, असं ते पुन्हा म्हणाले. जागरण मात्र बेतानं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं पुलावर होतो. खाली कृष्णा. बाबांनी मिश्कीलपणे विचारलं, ‘काय रे, किती टक्के?’

‘माहीत नाही. चला, पलीकडच्या टोकापर्यंत जाऊ.’