भिंत सोडणारी छपरी

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

पावसाळ्यात बेळगावच्या गणपत गल्लीतून किंवा खडे बाजारातून कधी गेला असाल, तर एक गोष्ट ध्यानात आली असेल. माणसे रस्त्यावरून कमी आणि दुकानांच्या छपऱ्यांखालून जास्त चालतात. छत्री मिटायची, एका छपरीखालून दुसरीखाली उडी घ्यायची आणि पुढच्या चौकापर्यंत जवळजवळ कोरडे पोहोचायचे, ही विद्या आपल्या कॉलेजात सर्वांनाच अवगत आहे. पण ती छपरी भिंतीला कशी धरून आहे, याकडे मान वर करून कोणी पाहत नाही. मराठीत 'छप्पर' म्हणजे घराचे डोके आणि कानडीत 'चप्पर' म्हणजे मांडव. अर्थ थोडा सरकला तरी शब्द एकाच कुळातला दिसतो, आणि तो आपल्या डोक्यावर येऊ नये ही दोन्ही भाषिकांची इच्छाही एकच.

आमचे एक लहानसे किराणा दुकान आहे. दुकानासमोर दहा फूट लांबीची आणि चार फूट पुढे आलेली पत्र्याची छपरी आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी छपरीची वरची कड भिंतीपासून बोटभर सुटलेली दिसली. शेजारपाजारच्या दुकानदारांनी लगेच सल्ले दिले. कोणी म्हणाले लांब खिळे मारा, कोणी म्हणाले फट सिमेंटने बुजवा, कोणी तारेने आवळून बांधायला सांगितले. वडिलांनी बोलावलेल्या गवंड्याने मात्र खिळ्यांना हातही लावला नाही. हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत तो एवढेच म्हणाला, "गोडे गट्टी इल्ल री." भिंत घट्ट नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. विज्ञान शाखेतील मित्रांच्या मदतीने मांडलेला तो हिशेब येथे देत आहे.

तरफेचा हिशेब

छपरी जड झाली म्हणून सुटते, अशी आपली समजूत असते. वजन हे खरे, पण त्याहून महत्त्वाचे आहे ते वजनाचे भिंतीपासूनचे अंतर. शाळेत आपण तरफ शिकलो आहोत. छपरी ही एक तरफच आहे. तिच्या ब्रॅकेटचे खालचे टोक भिंतीवर टेकलेले असते, तो टेकू. वरचे टोक भिंतीपासून बाहेर पडू पाहते आणि वरचे खिळे किंवा स्क्रू ते धरून ठेवतात.

आमच्या छपरीचे वजन ४० किलो धरू. ते मध्यभागी, म्हणजे भिंतीपासून दोन फुटांवर आहे असे मानू. २ गुणिले ४० म्हणजे ८०. ब्रॅकेटची भिंतीवरची उंची फक्त अर्धा फूट. ८० ला अर्ध्याने भागले की १६० येतात. म्हणजे छपरी ४० किलोची असली तरी वरच्या खिळ्यांवर मिळून १६० किलोची ओढ पडते, तीही रात्रंदिवस.

आता दुकानदारांची एक सवय पाहा. छपरीच्या पुढच्या कडेला आपण बिस्किटांच्या पुड्यांच्या माळा, प्लास्टिकच्या बादल्या, केळीचे घड असे काही ना काही टांगतो, कारण गिऱ्हाइकाला ते लांबून दिसते. तेथे दहा किलो माल टांगला तर भिंतीपासूनचे अंतर चार फूट. चार दाहे चाळीस, भागिले अर्धा, म्हणजे ८० किलो. दहा किलोच्या मालाने खिळ्यांवर ऐंशी किलोची भर घातली! व्याजाचा असा दर कोणताही सावकार लावत नसेल.

याच हिशेबात उपायही दडलेला आहे. ब्रॅकेटखालून भिंतीपर्यंत तिरका टेकू दिला आणि तो वरच्या खिळ्यांच्या दोन फूट खाली टेकवला, तर भाजक अर्ध्याऐवजी दोन होतो. १६० किलोची ओढ ४० वर येते. पत्रा तोच, भिंत तीच, खिळेही तेच, आणि ओढ एक चतुर्थांश. जुन्या वाड्यांच्या सज्जाखाली लाकडी तिरके हात दिसतात, ते केवळ नक्षीसाठी नव्हते.

वारा उचलतो, पाणी ओढते

मग छपरी जुलैच्या संततधारेऐवजी मे महिन्याच्या वळवातच का सुटली? कारण वळवात वारा असतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठी भारतीय मानक ८७५ चा तिसरा भाग आहे. त्यातील सूत्र असे की वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि त्याला ०.६ ने गुणावे, म्हणजे दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. दाब ६० न्यूटन, ढोबळमानाने सहा किलो. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर झाला की दाब २४० न्यूटन, म्हणजे सुमारे २४ किलो. वेग दुप्पट, दाब चौपट.

आमची छपरी ४० चौरस फूट, म्हणजे सुमारे ३.७ चौरस मीटर. ताशी ७२ किलोमीटरचा झोत खालून शिरला तर ढोबळ हिशेबाने जवळजवळ ९० किलोचा जोर तिला वर ढकलतो. तिचे स्वतःचे वजन फक्त ४०! अशा वेळी सारे उलटे होते. आतापर्यंत भिंतीवर दाबले जाणारे खालचे खिळे ओढले जातात. झोत गेला की पुन्हा वरचे. खिळा उपटायचा असला की आपण तो आधी इकडेतिकडे हलवून सैल करतो. वारा तेच काम करतो, आणि त्याला घाई नसते. छपरीला आडवा बॅनर बांधला असेल तर ते शीडच झाले. गणेशोत्सवातले आणि निवडणुकीतले बॅनर या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

संततधारेत धोका असतो तो ताडपत्रीला. एक चौरस मीटर जागेवर एक सेंटीमीटर पाणी साचले म्हणजे दहा लिटर, म्हणजेच दहा किलो. ताडपत्रीला झोळ पडून सरासरी पाच सेंटीमीटरचे डबके झाले तर ५० किलो. वजनाने झोळ वाढतो, झोळ वाढला की आणखी पाणी साचते. म्हणून कापडाला आणि ताडपत्रीला उतार सढळ हाताने द्यावा, चार फुटांस निदान एक फूट.

दोष खिळ्याचा की भिंतीचा?

गवंड्याच्या बोलण्याचा अर्थ येथे लागतो. दीड इंची खिळा मारला आणि प्लास्टर पाऊण इंच जाड असले, तर भिंतीत खरोखर गेला तो पाऊण इंच. प्लास्टर हा भिंतीचा सदरा आहे, अंग नव्हे. सदऱ्याला टांगलेले वजन सदऱ्यासकट खाली येते.

आपल्याकडच्या जुन्या भिंती दगडाच्या, विटांच्या किंवा जांभ्याच्या असतात आणि सांध्यांत चुना किंवा नुसती माती असते. मातीच्या सांध्यात खिळा लवकर घुसतो, म्हणून कारागीर तेथेच मारतो, आणि जितक्या लवकर घुसतो तितक्या लवकर निघतो. पूर्वी भोकात लाकडाची गुट्टी ठोकून तीत स्क्रू बसवत. गुट्टी पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि काही वर्षांनी कुजते. लोखंडी स्क्रू गंजला की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि भोवतालचे प्लास्टर फोडतो. म्हणजे भोकात शिरणारे पाणी हाच मूळ चोर.

परदेशांत राहण्याजोग्या मोटारगाड्या असतात. त्यांच्या एका अंगाला गुंडाळती कापडी छपरी बसवलेली असते, तिचीही हीच कहाणी. अशा पुष्कळ गाड्यांच्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेला पातळ पत्रा. स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपते, आतले लाकूड कुजते आणि छपरी केवळ पत्र्याला धरून राहते. बाहेरून सारे झकपक, एका वाऱ्यात सारे हातात! तेव्हा देश आणि भिंत बदलली तरी प्रश्न एकच विचारायचा. स्क्रू कशात गेला आहे?

फट दिसल्यावर काय करावे

पहिले काम, खालची जागा रिकामी करणे. गिऱ्हाइकांना बाजूने येऊ द्यावे. साचलेले पाणी बाजूला उभे राहून लांब काठीने काढावे, खाली उभे राहून नव्हे. टांगलेला माल उतरवावा. ताडपत्री असेल तर सोडावी. पुढच्या कडेखाली दोन बल्ल्या उभ्या करून टेकू द्यावा. पत्र्याजवळून विजेची वायर जात असेल तर पत्र्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे. छपरीला टेकू मिळेपर्यंत एकही स्क्रू काढू नये.

दुसरे काम, तपासणी. भिंत ठोकून पाहावी. घट्ट भिंत खणखणीत बोलते, पोकळ प्लास्टर बद्द आवाज देते. फट किती आहे ते मोजून भिंतीवर पेन्सिलीने तारीख घालून लिहावे. आठवड्याने पुन्हा मोजावे. फट वाढत असेल तर थांबण्यात अर्थ नाही.

तिसरे काम, दुरुस्ती. जुन्याच भोकात जाड खिळा ठोकू नये, कारण त्या भोकाभोवतीची भिंत आधीच भुगा झालेली असते. नवी जागा निवडावी. पक्की वीट किंवा काँक्रीट असेल तर प्रसरण पावणारे अँकर बोल्ट चालतात, पण विटेच्या कडेजवळ नकोत, कारण आवळताना ते फुगतात आणि वीट फुटते. त्याच कारणाने ते ठिसूळ जांभ्यात आणि मातीच्या सांध्यात उपयोगाचे नाहीत. तेथे सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे आरपार बोल्ट. भिंतीला पलीकडपर्यंत भोक पाडायचे, बोल्ट घालायचा आणि आतल्या बाजूने रुंद लोखंडी पट्टी ठेवून नट आवळायचा. मग ओढ एका भोकाऐवजी भिंतीच्या मोठ्या भागावर वाटली जाते. आमच्या दुकानात शेवटी हेच केले आणि खालून दोन फुटांचे तिरके टेकू दिले. आतल्या पट्ट्या आता डाळींच्या फळीमागे झाकल्या गेल्या आहेत. हल्ली रसायन भरून बसवायचे अँकरही मिळतात, पण भोकातली धूळ ब्रशने आणि हवेने पुरती साफ केली नाही तर ते रसायन भिंतीऐवजी धुळीला चिकटते.

फट नुसत्या सिमेंटने बुजवू नये. पत्रा उन्हात वाढतो. दहा फुटी लोखंडी पत्रा तापमान ३० अंशांनी चढले की सुमारे एक मिलिमीटर लांबतो आणि रात्री परत आकसतो. ताठ सिमेंटला हे सोसत नाही, त्याला चीर जाते, आणि चिरेतून पाणी पुन्हा स्क्रूपर्यंत पोहोचते. त्यापेक्षा छपरीच्या वर भिंतीत खाच पाडून पत्र्याची दुमडलेली पट्टी बसवावी, म्हणजे भिंतीवरून ओघळणारे पाणी सांध्यात न शिरता छपरीवरून पुढे जाते.

वहीत कोठे लिहावे?

आता माझ्या शाखेचा मुद्दा. खिळा बदलणे हा महसुली खर्च. तो नफा-तोटा खात्याला जातो आणि विसरला जातो. आरपार बोल्ट आणि टेकू यांनी छपरीचे आयुष्य वाढते, म्हणून तो खर्च भांडवली मानता येईल. पण या दोन्हींत न मावणारी एक रक्कम आहे, ती म्हणजे खाली उभ्या असलेल्या माणसाची.

व्यापारी कायद्याच्या अनुषंगाने मी एक खटला वाचला. दिल्लीच्या चांदणी चौकातला जुना घड्याळाचा मनोरा स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत कोसळला आणि त्याखाली सापडून माणसे मेली. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुभगवंती या खटल्यात महानगरपालिकेला जबाबदार धरले. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता, आणि त्यात वापरलेल्या चुन्याच्या प्रकारावरून अशा बांधकामाचे आयुष्य ४० ते ४५ वर्षे असते, अशी साक्ष झाली होती. दोष बाहेरून दिसत नव्हता हा बचाव चालला नाही. रहदारीच्या रस्त्याला लागून ज्याची इमारत आहे त्याने ती वेळोवेळी तपासून सुरक्षित ठेवावी, दोष उघड असो वा लपलेला, असे न्यायालयाने सांगितले. मनोरा कोठे आणि दुकानाची छपरी कोठे, असे कोणी म्हणेल. पण रस्त्याने जाणाऱ्याचे डोके दोन्हीकडे सारखेच असते.

हिशेबशास्त्रात आपण सावधगिरीचे तत्त्व शिकतो. येऊ शकणाऱ्या तोट्याची तरतूद आधी करावी, नफ्याची वाट पाहून मग नोंद करावी. छपरी म्हणजे दुकानदाराने रस्त्यावरच्या माणसाला दिलेला आडोसा. त्याने गिऱ्हाईक थांबते, हा नफा आपण सहज मोजतो. तरतूद मात्र राहून जाते. तेव्हा ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांनी वळीव येण्याआधी, एप्रिलमधल्या एखाद्या रविवारी, शिडी लावून एकदा वर चढावे, भिंत ठोकून पाहावी आणि ती काय बोलते ते ऐकावे. ज्यांच्या घरी दुकान नाही त्यांनी छपरीखाली उभे राहताना एकदा मान वर करून पाहावे. बोटभर फट दिसली तर दुकानदाराला सांगावे, मराठीत सांगा वा कानडीत, पण सांगावे.