आठवा प्लग

जानेवारीतली सकाळ, मिशिगनमधले एखादे खेडे. अंगणात उभ्या असलेल्या हिरव्या शेव्हरोलेच्या टपावर वीतभर बर्फ. मालक चावी अर्धी फिरवतो. डॅशबोर्डवर ‘वेट’ अशी अक्षरे उजळतात आणि काही सेकंदांनी विझतात. मग तो सेल्फ मारतो. इंजिन कण्हत फिरते, मागून पांढरा धूर निघतो, कच्च्या डिझेलचा वास नाकात जातो, पण गाडी लागत नाही. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. पांढरा धूर दिसतो म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते आहे. ते पेटत तेवढे नाही. डिझेलवर हात काळे केलेला माणूस इथेच ओळखतो, की हीटर गेले.

आपल्या गॅरेजांत ज्याला ‘हीटर’ किंवा ‘हीटर प्लग’ म्हणतात, तोच हा ग्लो प्लग. दिसायला पेन्सिलीचा तुकडा. पेट्रोल गाडीच्या स्पार्क प्लगसारखी ठिणगी तो टाकत नाही. त्याचे टोक तापून लालबुंद होते, एवढेच त्याचे काम, आणि तेही गाडी सुरू होण्याच्या सुमाराचे. अशा किरकोळ भागावर एका लष्करी गाडीची अब्रू चाळीस वर्षे टांगलेली आहे. त्या गाडीचे नाव सीयूसीव्ही.

अमेरिकन लष्कराची ही गाडी जन्मली ती काटकसरीतून. आघाडीवर चिखलातून, ओढ्यातून जाणारी खास गाडी महाग पडते. पण लष्कराची बरीचशी ने-आण आघाडीच्या मागे, बऱ्या रस्त्यांवर चालते. शिधा, सुटे भाग, वायरलेस संच, जखमी माणसे वाहायला बाजारात मिळणारा ट्रक चांगला पुरतो. सत्तरच्या दशकात डॉजचे ट्रक घेऊन हा प्रयोग झाला होता. पुढे जनरल मोटर्सकडून शेव्हरोलेचे पिकअप आणि ब्लेझर घ्यायचे ठरले. १९८४ ते १९८७ या मॉडेल वर्षांत अशा सुमारे ७०,००० गाड्या बनल्या. पिकअपला एम १००८, ब्लेझरला एम १००९, रुग्णवाहिकेला एम १०१० असे क्रमांक मिळाले. सांगाडा शेतकऱ्याच्या दारात उभा असतो तोच. त्यावर लष्करी रंग, उचलायच्या कड्या आणि शत्रूला दिसू नयेत असे मिणमिणते दिवे चढले. आणखी एक गोष्ट बदलली, ती म्हणजे वीज. तिच्याकडे पुढे येऊ.

इंजिन होते ६.२ लिटरचे, आठ सिलिंडरचे डिझेल. टर्बो नाही, संगणक नाही, पंप पूर्ण यांत्रिक. ताकद सुमारे १३५ अश्वशक्ती, म्हणजे एवढ्या धुडाला बेताचीच. पण चालू झाले की न कुरकुरता चालत राहणारे. अडचण चालू होण्याचीच. डिझेल इंजिनात हवा दाबून तापवतात आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. या इंजिनात तो फवारा थेट पिस्टनवर पडत नाही. हेडमध्ये एक छोटी कोठी आहे, तिच्यात तो आधी पेटतो आणि ज्वाळा अरुंद तोंडातून सिलिंडरमध्ये घुसते. त्यामुळे इंजिन कमी खडखडते. पण गार कोठीच्या भिंती हवेतली ऊब पिऊन टाकतात. म्हणून कोठीत एक तापलेले टोक ठेवावे लागते.

ही कोठी आपल्याला परकी नाही. तिची मूळ रचना इंग्रज अभियंता हॅरी रिकार्डो यांची, ‘कॉमेट’ नावाची. महिंद्राच्या जीपमध्ये एकेकाळी बसणारी, पूझोच्या परवान्यावर इगतपुरीला बनलेली डिझेल इंजिने याच कुळातली. घाटावरच्या थंडीत जीप लावताना ‘आधी हीटर दे, मग सेल्फ मार’ असे ओरडणारा मेस्त्री आणि मिशिगनचा तो मालक एकाच कोठीपुढे हात जोडून उभे असतात.

ग्लो प्लगसाठी थांबणे ही डिझेलवाल्यांची जुनी रीत. १९३६ साली मर्सिडीजने २६० डी ही डिझेल मोटार बाजारात आणली, तिलाही आधी तापवावे लागे. जर्मन लोकांनी या थांबण्याला नावच ठेवले, ‘रुडॉल्फ डिझेल स्मृतिमिनिट’; जणू गाडी सुरू करण्याआधी इंजिनाच्या जनकासाठी स्तब्ध उभे राहायचे. सीयूसीव्हीचा ‘वेट’ दिवा ही त्याच मिनिटाची आखूड आवृत्ती.

आता विजेकडे. बाजारातल्या ट्रकची वीज १२ व्होल्टची. लष्कराची २४ व्होल्टची, कारण वायरलेस संच २४ वर चालतात आणि बंद पडलेली गाडी दुसऱ्या लष्करी गाडीच्या केबलने उठवायची तर दोन्हींची वीज सारखी हवी. मग तडजोड झाली. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या आणि त्यांना चार्ज करायला दोन अल्टरनेटर दिले. सेल्फ आणि वायरलेस २४ वर, दिवे आणि वायपर १२ वर. ग्लो प्लग बाजारचे, म्हणजे १२ चे. पण त्यांची तार ओढली २४ च्या बाजूने आणि मध्ये रेझिस्टर घातले. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर बसवलेले हे रेझिस्टर विजेचा निम्मा दाब स्वतः गिळतात आणि उरलेला प्लगांना देतात.

कापड दोन्हीकडचे चांगले असले तरी ते शिवणीवर उसवते. सीयूसीव्हीची शिवण हीच.

कारण रेझिस्टर निम्मा दाब गिळतात तो आठही प्लग वीज ओढत असतील तेव्हाच. सोपा हिशोब मांडून पाहू. आठ प्लग जिवंत असताना प्रत्येकाला १२ व्होल्ट मिळतात असे धरू. एक मेला की ओढ कमी होते, रेझिस्टरचा घास लहान होतो आणि उरलेल्या सातांवर सुमारे १२.८ व्होल्ट येतात. दोन मेले तर १३.७. चार मेले तर १६. उष्णता दाबाच्या वर्गाने वाढते, म्हणजे चार प्लग गेल्यावर उरलेले चार पहिल्यापेक्षा पावणेदोन पटींहून अधिक तापतात. एकत्र कुटुंबात एक भाऊ अंथरुणाला खिळला की त्याचे ओझे बाकीच्यांवर पडते आणि मग तेही आजारी पडतात, तसे हे घर एकामागून एक बसते. त्यात प्लगांना वीज देणारा रिले कधी चिकटून राहिला तर संपलेच. ‘वेट’ दिवा विझून, गाडी सुरू होऊनही प्लग तापतच राहतात.

जास्त तापलेला प्लग नुसता जळत नाही, त्याचे टोक फुगते. इथून पुढचे काम मेस्त्रीची परीक्षा पाहते.

पहिली पायरी तपासणीची. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची. प्लगावरची चपटी टोपी ओढून काढायची. तार न ओढता टोपी धरून, कारण चाळीस वर्षांच्या उष्णतेने तार पापडासारखी झालेली असते. मग मल्टिमीटरचे एक टोक प्लगाच्या जिभेवर, दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. चांगला प्लग जेमतेम एखादा ओहम दाखवतो. मेलेला काहीच दाखवत नाही, कारण आतली तार तुटलेली असते. मीटर नसेल तर बॅटरीची तार पुन्हा जोडून टेस्ट लॅम्पचा चिमटा १२ व्होल्टच्या पॉझिटिव्हला लावून टोक प्लगाच्या जिभेला टेकवायचे. दिवा लागला तर प्लग जिवंत. दोन्ही रीतींत टोपी काढणे भाग, कारण आठही प्लग एकमेकांना जोडलेले असतात आणि शेजाऱ्याच्या जिवावर मेलेलाही जिवंत भासतो.

मग ३/८ इंचाचा खोल गोटी पाना. आट्यांवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच सोडलेले बरे. प्लग सुटू लागतो, आटे संपतात, हाताला तो मोकळा लागतो, पण बाहेर येत नाही. बोटांत गोल गोल फिरतो आणि जागचा हलत नाही. टोक फुगून भोकापेक्षा जाड झालेले असते. या क्षणी चिमट्याने हिसका देणाऱ्याचे नशीब फुटते, कारण टोक तुटते आणि तुकडा कोठीत पडतो. तसाच सेल्फ मारला तर तुकडा पिस्टनवर पोचण्याची भीती. जाणकार मग वरचे, डिझेल फवारणारे नोझल उतरवतात आणि त्या भोकातून तुकडा चिमट्याने किंवा दाबाच्या हवेने बाहेर काढतात. तेही जमले नाही तर हेड उतरवावे लागते. हे टाळायचे तर फिरणाऱ्या प्लगाला तेल पाजायचे, हळूहळू पुढेमागे डुलवायचे आणि वाट पाहायची. ‘वेट’चा अर्थ इथे खरा कळतो.

डावीकडचे चार प्लग समोर दिसतात. उजवीकडचे अवघड आणि त्यातला शेवटचा, आठव्या सिलिंडरचा, सगळ्यांत अवघड. तो पार मागे, एक्झॉस्टच्या आडोशाला, वरून हात न पोचेल असा बसलेला. पुष्कळ मालक पुढचे उजवे चाक काढून, चाकाच्या खोबणीतला आतला पत्रा बाजूला करून तिकडून शिरतात. गुडघ्यावर बसून, मनगट वाकडे करून, जे दिसत नाही ते बोटांनी चाचपडत पाना बसवायचा. म्हणूनच लिलावात घेतलेल्या कितीतरी गाड्यांत सात प्लग नवे आणि आठवा जुनाच सापडतो. ‘सात तर झाले, एकाने काय बिघडते?’ असा तो हिशोब. वर मांडलेले गणित त्याचे उत्तर देते. आठवा मेलेला ठेवला की नव्या सातांना पहिल्याच सकाळपासून सुमारे १४ टक्के जास्त ताप सोसावा लागतो. आळस एका जागी केला आणि दंड सात जागी भरला.

या दुखण्यावर मालकांनी उपायही काढले. सगळ्यांत रुजलेला उपाय असा, की रेझिस्टर वगळायचे आणि प्लगांची तार थेट १२ व्होल्टच्या बाजूला जोडायची. मग एक मेला तरी बाकीच्यांना १२ च मिळतात. दुसरा उपाय स्वयंनियंत्रित प्लगांचा. तापत गेले की त्यांचा रोध वाढतो आणि ते स्वतःच वीज कमी ओढतात. टोक फुगण्याची भीती फार कमी. तिसरा, प्लग किती वेळ तापवायचे ते ठरवणारी जुनी नियंत्रक पाटी काढून डॅशवर बटण बसवायचे आणि सेकंद मोजत दाबायचे. हे सोपे खरे, पण मोजणारा माणूस विसरला की पाटी बरी होती असे म्हणायची वेळ येते. एक उपाय मात्र कोणी करू नये. थंडीत गाडी लागेना म्हणून हवेच्या वाटेत ईथरचा फवारा मारतात. तापलेल्या प्लगावर तो भलत्या वेळी भडकतो आणि पिस्टनच्या रिंगा फोडतो.

लष्कराने या गाड्या टप्प्याटप्प्याने निकालात काढल्या. काही ग्रामीण अग्निशमन दलांकडे गेल्या आणि पाठीवर पाण्याची टाकी घेऊन वणवे विझवू लागल्या, बाकीच्या लिलावात. खरेदीदाराला एसएफ ९७ नावाचा सरकारी कागद मिळतो, त्यावरून नोंदणी होते. दुरुस्तीसाठी टीएम ९-२३२०-२८९ या मालिकेतल्या लष्करी पुस्तिका आजही उपयोगी पडतात. विशीतल्या सैनिकाला टॉर्चच्या उजेडात समजेल अशा बेताने त्या लिहिल्या आहेत, त्यामुळे साठीतल्या हौशी मालकालाही त्या समजतात.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या अंगणात सीयूसीव्ही येईल. जुनी डिझेल जीप मात्र अजून पुष्कळांकडे आहे. तेव्हा एवढे करा. मेस्त्री ‘हीटर बदलावे लागतील’ म्हणाला तर जरूर बदलून घ्या, सगळे एकदम घ्या, आणि जुने प्लग परत मागा. टोक सरळ असून तार तुटलेली असेल तर तो प्लग वयाने गेला. टोक खाल्ल्यासारखे झिजले असेल तर नोझल आणि पंपाचा टायमिंग तपासा. आणि टोक फुगले असेल तर नवा प्लग बसवण्याआधी वीज मोजा, रिले पाहा. नाहीतर पुढच्या थंडीत तुम्ही पुन्हा त्याच मेस्त्रीच्या दारात उभे असाल.