कोषात नेमकं काय घडतं?

कुंडीतल्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं, तर जरा निरखून पाहा. ती बहुधा फुलपाखराची लहान अळी असते. वाढली की ती पानासारखी हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग काढून उग्र वास सोडते. अंडी, अळी, कोष, प्रौढ ही पूर्ण रूपांतरणाची आकृती शाळेत सगळ्यांनीच काढलेली असते. तरीही काही गैरसमज टिकून आहेत.

गैरसमज : सगळे कीटक कोषात जातात.
वस्तुस्थिती : झुरळ, नाकतोडा, ढेकूण आणि चतुर यांना कोषावस्था नसते. त्यांची पिल्लं कात टाकत वाढतात आणि प्रौढ होतात. फुलपाखरं, पतंग, भुंगेरे, माश्या, डास, मधमाश्या आणि मुंग्या मात्र कोषातून जातात.

गैरसमज : कोषात अळी संपते आणि वेगळाच जीव तयार होतो.
वस्तुस्थिती : अळीचे बरेचसे स्नायू आणि पचनसंस्थेचा मोठा भाग मोडतो हे खरं, पण सगळ्याचा रस होत नाही. श्वासनलिका आणि चेतासंस्था बऱ्याच अंशी टिकतात, नव्याने घडतात. पंखांची सुरुवात तर अळीतच झालेली असते. १७व्या शतकात डच शास्त्रज्ञ यान स्वामरडॅम यांनी अळीच्या कातडीखाली पंखांच्या खुणा दाखवल्या होत्या. २००८ साली अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी तंबाखूवर वाढणाऱ्या एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वासासोबत सौम्य विजेचा झटका दिला. मोठ्या वयात हा अनुभव घेतलेल्या अळ्यांपैकी अनेकींनी पतंग झाल्यावरही तो वास टाळला. म्हणजे जीव तोच असतो, आठवणीसकट.

गैरसमज : कोष म्हणजे निश्चल पडून राहणं.
वस्तुस्थिती : डासाचा कोष खात नाही, पण स्वल्पविरामासारखं अंग झटकत पाण्यात चपळाईने पोहतो. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा साचलेलं पाणी ओतून 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात तो यासाठीच.

गैरसमज : लहान माशी वाढून मोठी माशी होते.
वस्तुस्थिती : वाढीचं सारं काम अळीचं. पंख फुटल्यावर माशी कात टाकत नाही, म्हणून आकारानेही वाढत नाही. घरात दिसणाऱ्या लहान माश्या बहुधा वेगळ्याच जातीच्या असतात.

गैरसमज : कोष फोडून दिला तर फुलपाखराला मदत होते.
वस्तुस्थिती : बाहेर आल्यावर पंख ओले, चुरगळलेले असतात. फुलपाखरू त्यांच्या शिरांमध्ये शरीरातला द्रव दाबाने भरतं आणि मग ते वाळवतं. घाईने ओढून काढल्यास पंखांना इजा होऊ शकते.

फुलपाखरं हवीत आणि अळ्या नकोत, हे जमणार नाही. लिंबाची चार पानं कुरतडली गेली तर जाऊ द्या. झाडाला नवी पालवी फुटते. भांड्यातलं साचलेलं पाणी मात्र दर आठवड्याला न चुकता ओतून टाका.